फिरत्या घराखालची पाण्याची टाकी: आधार कसा तपासायचा, कसा भक्कम करायचा

टाकी रिकामी असताना खाली वाकून बघायचं, टाकीला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलला हाताने दोन हिसके द्यायचे, ‘घट्ट आहे’ म्हणायचं आणि गाडीला ट्रेलर जोडून निघायचं. आमच्या बेळगाव भागात कॅरॅव्हॅन ट्रेलर बाळगणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण अशीच तपासणी करतात. मीही दोन वर्षं तेच केलं. मग एकदा चोर्ला घाट चढून परत येताना कणकुंबीच्या अलीकडे मागून खट्‌ खट्‌ असा आवाज यायला लागला. उतरून पाहिलं तर पुढचा अँगल एका बाजूने सुटून लोंबत होता आणि भरलेली टाकी उरलेल्या एका पट्टीवर तिरकी टेकली होती. ट्रेलरमध्ये मुलं झोपली होती. त्या दिवशी रस्त्याकडेला पहिल्यांदा टाकी रिकामी केली, मग पट्ट्याने बांधून ताशी वीसच्या वेगाने घरी आलो.

अँगल ज्या वर्कशॉपमध्ये बसवून घेतला होता तिथल्या वेल्डिंगमध्ये चूक होती, हे खरं. पण ती चूक मला सहा महिने आधी दिसायला हवी होती. ती कशी दिसते आणि दिसल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते खाली लिहितो. क्रम मोडू नका. बहुतेकांचं काम बिघडतं ते थेट वेल्डरकडे गेल्यामुळे.

खालचे आकडे माझ्या ट्रेलरचे आहेत: १५० लिटरची प्लॅस्टिकची टाकी, चॅसीच्या, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन चॅनेलमध्ये (लांबीकडून जाणाऱ्या ‘[’ आकाराच्या लोखंडी तुळया) १.२ मीटर अंतर. तुमचे आकडे मोजून घ्या.

## तयारी

जागा. फरशीची किंवा काँक्रीटची सपाट जागा हवी. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या रानात घरापुढच्या अंगणात हे काम करू नका. वरून टणक दिसणारी काळी माती ओल लागली की स्टँडखाली दबते, आणि तुम्ही खाली असताना ट्रेलर कलतो. पर्याय नसेल तर प्रत्येक स्टँडखाली किमान दीड फुटाची जाड फळी घाला.

दिवस. खानापूर, जांबोटीकडे राहणाऱ्यांनी हे काम मे महिना संपायच्या आत उरकावं. पावसाळ्यात तांबडी माती अँगलच्या खाचेत भरते, ओल धरून ठेवते आणि तिच्याखालचं काही दिसत नाही. दोन दिवस हाताशी ठेवा. एका दिवसात उरकायला गेलं की रंग ओला असतानाच टाकी चढते.

सामान. दोन जॅक, चार स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, तारेचा ब्रश, पत्रा खरवडायची पट्टी, टॉर्च, सुतळी, स्टीलची मोजपट्टी, दोन सी-क्लॅम्प, सारख्या लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या, खडूची पूड, थोडं रॉकेल. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. पाणी भरायला २० लिटरचा कॅन घ्या. पाइपने भरलं तर किती लिटर गेलं ते कळत नाही.

धुणं. आदल्या दिवशी ट्रेलरचं पोट जोरदार पाण्याने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. टाकीखाली झाकणाचा पत्रा किंवा प्लॅस्टिकची शीट असेल तर ती काढा. शीट तशीच ठेवून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

> सावध: जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली जायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी, वजन पेलायला स्टँड. स्टँड चॅसीच्या चॅनेलखाली किंवा ॲक्सलखाली लावा, टाकीच्या चौकटीखाली कधीच नाही. दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय गाडीपासून ट्रेलर सोडू नका.

## १. आधी रिकाम्या टाकीचं माप

इथली नेहमीची चूक म्हणजे जमिनीपासून माप घेणं. टाकी भरली की टायर दबतात, स्प्रिंगा बसतात, सगळा ट्रेलरच खाली येतो. त्यामुळे जमिनीपासून घेतलेल्या मापात आधार किती वाकला आणि ट्रेलर किती बसला, हे वेगळं काढता येत नाही. माप चॅसीपासूनच हवं.

त्यासाठी गवंड्याची युक्ती वापरा. सारख्या लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या डाव्या आणि उजव्या चॅनेलला सी-क्लॅम्पने उभ्या आवळा. त्यांची खालची टोकं टाकीच्या बुडापेक्षा तीन-चार इंच खाली यायला हवीत. दोन्ही टोकांमध्ये सुतळी ताणून बांधा. आता ही सुतळी चॅसीबरोबरच खालीवर होईल. सुतळीपासून वर आधाराच्या पट्टीपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोजा: डावीकडे, मधे, उजवीकडे. तसंच दोन आधारांच्या मधे टाकीच्या बुडापर्यंतचं अंतरही घ्या. प्रत्येक आधारापाशी हे सगळं पुन्हा करा. आकडे वहीत लिहा आणि मोजलेल्या जागी मार्करने टिंब करा, कारण भरल्यावर नेमकं तिथंच मोजायचं आहे.

## २. भरलेल्या टाकीचं माप

भरण्याआधी टाकीखाली लाकडी ठोकळ्यांचा थर रचा. थर आणि टाकी यांत दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा. आधार तुटलाच तर टाकी त्या थरावर बसेल, तुमच्या छातीवर नाही.

कॅन मोजत टाकी पूर्ण भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपल्या टाकीत किती लिटर मावतं ते फार थोड्यांना माहीत असतं. माझ्या टाकीला विकणाऱ्याने १२० लिटरची म्हणून सांगितलं होतं, भरली १५० लिटर. म्हणजे ३० किलो वजन हिशेबाबाहेर फिरत होतं.

भरून तासभर थांबा, मग त्याच टिंबांवर मोजा. माझा ठोकताळा असा:

- आधाराची पट्टी मधे ४ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकली तर ती कमकुवत आहे. हे माप १.२ मीटरच्या अंतरासाठी. अंतर कमी असेल तर माप त्याच प्रमाणात कमी धरा.
- दोन आधारांच्या मधे टाकीचं बूड १० मिलिमीटरपेक्षा जास्त लोंबलं तर आधार अपुरे आहेत, मग पट्टी कितीही जाड असो.
- डाव्या आणि उजव्या टोकांच्या फरकात २ मिलिमीटरहून जास्त तफावत आली तर एका बाजूचा जोड सरकतोय.

आता टाकी रिकामी करून तिसऱ्यांदा मोजा. हा भाग सगळे गाळतात. पट्टी पहिल्या मापावर परत आली नाही तर लोखंड कायमचं वाकलं आहे. ती पट्टी ठोकून सरळ करू नका, भंगारात टाका.

> तपासा: पाणी भरताना टाकी कुशीला फुगते का? फुगत असेल तर हवा निघायची नळी आधी बघा. तिच्यात माती किंवा कुंभारणीचं घर असतं. मोटारीच्या पाइपने जोरात पाणी आत जातं, हवेला वाट नसते, आणि टाकी फुगून स्वतःच्या आधारांना खाली दाबते. नळी तुंबलेली ठेवून आधार कितीही भक्कम केलेत तरी हेच पुन्हा होईल.

## ३. जोड आणि तडे

वेल्डिंगवर रंग जाड असेल तर तडा दिसत नाही, पण तो चुगली करतो: रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला गंजाचा तांबूस डाग. असा डाग दिसला की तिथला दोन इंच रंग तारेच्या ब्रशने काढून लोखंड उघडं करा. ग्राइंडर फिरवू नका. घासताना लोखंड पसरतं आणि तड्याचं तोंड बुजतं.

मग जुन्या मिस्त्रींची परीक्षा घ्या. जोडावर रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि वरून खडूची बारीक पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळपट रेघ उमटते. माझ्या मागच्या आधाराच्या जोडावर अशी पाऊण इंचाची रेघ उमटली. तो आधार तेव्हा तुटलेला नव्हता, हाताने हलतही नव्हता. एक माणूस टाकी हळूच वरखाली ढकलत असेल तर रेघ लवकर उमटते.

कुठे बघायचं? वेल्डिंगच्या पोटात नाही, तर वेल्डिंग जिथे संपतं आणि मूळ लोखंड सुरू होतं त्या कडेला, आणि वेल्डच्या दोन टोकांना. तडा बहुतेक वेळा तिथूनच निघतो. मग बोल्ट बघा: वायसरभोवती चमकदार घासलेली कडी दिसली तर बोल्ट ढिला होऊन नाचतोय. आधार नुसत्या स्क्रूने प्लायच्या फरशीत अडकवलेला असेल तर पुढची चर्चाच नको. पाण्याचं वजन चॅसीवर जायला हवं, फरशीवर नाही.

## ४. किती भक्कम हवं, याचा हिशेब

पाणी १५० किलो, टाकी साधारण १० किलो, एकूण १६०. खड्ड्यात चाक आपटलं की हेच वजन क्षणभर कितीतरी पट होतं. मी तिप्पट धरतो, म्हणजे ४८० किलो. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता ज्याने पाहिलाय त्याला हे जास्त वाटणार नाही.

तीन आडवे आधार दिले तर प्रत्येकावर १६० किलो येतं. १.२ मीटर लांबीवर हा भार पसरून आला असता हिशेब असा निघतो:

- २५ × २५ × ३ मिलिमीटरचा अँगल: ताण ५०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) वर जातो. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकतं. आणि ट्रेलरखाली सर्रास हाच अँगल दिसतो, तोही तीनऐवजी दोन.
- ४० × ४० × ५ चा अँगल: ताण सुमारे १२५. चालतो.
- ४० × ४० चा स्क्वेअर पाइप, २.६ मिलिमीटर जाडीचा: ताण ५० च्या थोडा वर. वजन मीटरला जवळपास तेवढंच, तीन किलो.

वजन तेच आणि ताकद दुपटीपेक्षा जास्त, म्हणून मी स्क्वेअर पाइप घेतो. खरेदीला जाताना जाडी मोजायला व्हर्निअर घेऊन जा. दुकानात ‘चाळीस-चाळीस’ म्हणून १.६ चा पाइपही मिळतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

प्लॅस्टिकच्या टाकीला नुसते आडवे पाइप पुरत नाहीत. तिच्या बुडाला सगळीकडे टेकू लागतो, नाहीतर पाइपच्या कडेवर बूड रोज थोडं थोडं वाकतं आणि एक दिवस तिथेच चिरतं. म्हणून पाइपवर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर ३ मिलिमीटरची रबर शीट घाला. प्लायच्या कडांना रंग पाजा आणि पाणी निघायला सात-आठ भोकं पाडा. पाइप आणि प्लाय यांमध्ये मी साखर कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे घातलेत. भंगारवाल्याकडे ते मिळतात आणि ट्यूबच्या रबरासारखे चेपत नाहीत.

## ५. टाकी उतरवणं

आडव्या आधारांच्या कामाला टाकी खाली घ्यावीच लागते. ‘टाकी आहे तिथंच राहू दे, ओलं फडकं लावून वेल्डिंग मारतो’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. हे प्लॅस्टिक सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं आणि वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी पट तापलेली असते.

पंपाची वायर काढा, जोडलेल्या नळ्यांचे फोटो घ्या आणि प्रत्येक नळीला रंगीत चिकटपट्टी लावा. तळाचं बूच काढलं तरी आत पाच-दहा लिटर उरतं, ते धरून चला. टाकीखाली प्लायचा तुकडा, त्याखाली जॅक. मग मागचे बोल्ट आधी, पुढचे नंतर, आणि दुसरा माणूस टाकी धरून असल्याशिवाय शेवटचा बोल्ट सोडायचा नाही.

टाकी उतरली की तिचं बूडही तपासा. पांढरट रेघा दिसल्या तर प्लॅस्टिक ताणलं गेलंय. चीर असेल तर टाकी बदला. अशा टाकीला नवा आधार देऊन काही मिळत नाही.

## ६. चॅसीला धरायचं कसं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चॅनेलच्या खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, भोक पाडू नका आणि तिच्यावर आडवं वेल्डिंग मारू नका. ट्रेलर रस्त्यावर वाकतो तेव्हा चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या कडेला सगळ्यात जास्त ताण असतो. तिथलं भोक किंवा वेल्डची कड ही तड्याची सुरुवात ठरते. माझ्या त्या सुटलेल्या अँगलचं वेल्डिंग नेमकं खालच्या फ्लँजवर आडवं होतं, आणि तडा वेल्डमधून निघून चॅनेलमध्ये अर्धा इंच गेला होता. टाकीचा आधार स्वस्तात दुरुस्त होतो, चॅसी होत नाही.

चॅनेलच्या उभ्या पोटाच्या, म्हणजे दोन फ्लँजमधल्या उभ्या भागाच्या, मध्यावर ताण सगळ्यात कमी असतो. म्हणून:

१. ६ मिलिमीटर पट्टीचे हँगर, म्हणजे पाइप चॅनेलला लटकवून धरणारे तुकडे, कापा, प्रत्येक पाइपला दोन, एकूण सहा.
२. प्रत्येक हँगरला चॅनेलच्या पोटात दोन भोकं, ११ मिलिमीटरची. ती एकाखाली एक नकोत, एका रांगेत आडवी पाडा, मधे ५० मिलिमीटर अंतर. ७५ मिलिमीटर उंचीच्या चॅनेलवर उभी पाडली तर एक भोक कडेकडे सरकतं.
३. ब्रेकची नळी आणि दिव्यांची वायर पोटाच्या पलीकडून जात नाही ना, हे ड्रिल लावण्याआधी हात घालून बघा.
४. हँगर आणि पाइप यांचं वेल्डिंग बाहेर, टेबलावर करून घ्या, ट्रेलरखाली नाही. पाइप गॅल्वनाइज्ड असेल तर जोडाच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो.
५. पुढच्या आणि मागच्या हँगरला तिरका टेकू द्या. ब्रेक लागला की पाणी पुढे धावतं आणि लांब हँगर झोपाळ्यासारखे झुलतात. टेकू नसला तर महिन्याभरात बोल्टची भोकं अंड्यासारखी होतात.

बोल्ट १० मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ कोरलेले घ्या. दोन्हीकडे वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर ४५ न्यूटन-मीटर. एकदा काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नका.

> सावध: वेल्डिंग ट्रेलरवरच करावं लागलं तर गॅसचा सिलिंडर बाहेर, बॅटरीच्या दोन्ही वायरी सुटलेल्या, गाडीला जोडलेला ट्रेलरच्या वायरींचा प्लग काढलेला आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ. फरशीखाली थर्मोकोल किंवा फोम असेल तर एक माणूस पाण्याची बादली घेऊन आत उभा हवा. काम संपल्यावरही अर्धा तास तिथून हलू नका.

चॅसीचा चॅनेल कापायचा किंवा टाकीची जागाच बदलायची असेल तर थांबा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या फेरफारांचे नियम आहेत, ते आधी आरटीओत विचारा. शिवाय टाकी ॲक्सलच्या मागे नेली तर हुकवरचं वजन कमी होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हुकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार राहायला हवा.

## ७. रंग आणि टाकी चढवणं

सगळी भोकं पाडून झाल्यावरच रंग. रेड ऑक्साइडचे दोन हात, वाळल्यावर इनॅमलचा एक. पाइपची टोकं बंद करा, पण खालच्या अंगाला ५ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. आत ओल साठली तर पाइप आतून कुजतो आणि बाहेरून नवा दिसतो.

प्लायला बसवायच्या बोल्टची डोकी लाकडात बुडायला हवीत. हात फिरवून बघा. नखाला लागलेलं डोकं टाकीला भोक पाडतं.

बाजूंना टाकी सरकू नये म्हणून अँगलच्या कडा द्या, पण चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर फट ठेवा. मीटरभर लांबीची प्लॅस्टिकची टाकी थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तेवढी वाढते. वरून २५ × ३ च्या दोन पट्ट्या, खाली रबर. त्या टाकी भरल्यावर आवळा. आधी हाताने, मग पान्याने अर्धा फेरा, बस.

बेल्ट लावून भागवू नका. पट्ट्याचा बेल्ट वाटेत अडचण आली तर घरापर्यंत पोहोचायला ठीक, कायमचा आधार म्हणून नाही. कडेवर घासून आणि उन्हाने तो झिजतो.

## ८. भार चाचणी

टाकी तीन टप्प्यांत भरा: ५० लिटर, १०० लिटर, पूर्ण. प्रत्येक टप्प्याला सुतळीवर मोजा. वाक दरवेळी सारखा वाढला पाहिजे. एखाद्या टप्प्याला एकदम उडी मारली तर काहीतरी बसतंय किंवा सरकतंय, पुढे भरू नका. पूर्ण भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. रात्रीत आकडा बदलला नाही तरच रस्त्यावर काढा. माझ्या नव्या आधारांचा वाक १ मिलिमीटरच्या आसपास आहे. जुन्याचा ११ होता.

> तपासा: भरलेल्या अवस्थेत चौकटीचा सगळ्यात खालचा बिंदू जमिनीपासून किती वर आहे? तो ॲक्सलपेक्षा खाली असेल तर गावागावांतल्या उंच गतिरोधकांवर पहिल्यांदा तोच आपटणार.

प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला, पाना न लावता कळतं. मग भरलेल्या टाकीने गतिरोधक असलेल्या रस्त्यावर तासभर हळू फिरा आणि परत येऊन रेघा बघा. पुढे ५० किलोमीटरनंतर आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. सौंदत्ती किंवा चिंचलीच्या यात्रेला निघताना, जिथे वाटेत पाणी मिळेल याची खात्री नसते आणि टाकी काठोकाठ भरून न्यावी लागते, तिथे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एकदा.

घाटात टाकी भरलेली किंवा रिकामी न्या. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण पाण्याला धावायला जागा मिळते आणि प्रत्येक वळणावर ते आधारांना धडक देतं. सुतळीची मापं मी टाकीच्या पाइपवरच पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहेत, तारखेसह. वही हरवते.